मुकुटाचे सभासद

बुडापेस्टच्या संसद भवनात, मधल्या घुमटाखाली, काचेच्या पेटीत एक मुकुट ठेवलेला आहे. त्याच्या माथ्यावरचा क्रूस एका बाजूला कललेला आहे. फार पूर्वी कधीतरी धक्का लागून तो वाकला आणि पुढे कोणी तो सरळ केला नाही. हंगेरीच्या राजचिन्हातही तो तसाच तिरका काढतात. पेटीशेजारी गणवेषातले पहारेकरी तलवारी घेऊन उभे असतात, छायाचित्रे काढायला मनाई असते आणि दालनात आलेली माणसे न सांगताच आवाज खाली आणतात. नोकरीच्या निमित्ताने मी 2016 ते 2020 अशी साडेचार वर्षे त्या शहरात राहिले. भारतातून कोणी पाहुणे आले की त्यांना हे भवन दाखवायला नेणे ओघानेच आले, त्यामुळे हा मुकुट मी सहा-सात वेळा तरी पाहिला असेन. पहिल्या खेपेला तो मला कोणत्याही संग्रहालयातल्या मौल्यवान वस्तूसारखा वाटला. पण तो संग्रहालयात नाही, कायदे जिथे होतात त्या इमारतीच्या ऐन मध्यभागी आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला जवळजवळ वर्ष गेले.

परंपरेनुसार हा मुकुट हंगेरीचा पहिला ख्रिस्ती राजा संत इश्टवान याचा, म्हणजे इ.स. 1000 च्या आसपासचा. अभ्यासकांचे म्हणणे वेगळे आहे. मुकुटाच्या खालच्या, बायझंटाईन कारागिरीच्या भागावर सम्राट सातवा मिखाईल दुकास याचे मीनाकामातले चित्र आहे आणि त्याची कारकीर्द 1071 ते 1078 अशी होती. इश्टवान तर 1038 मध्येच वारला होता. वरच्या आडव्या-उभ्या पट्ट्या आणखी नंतर जोडल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुकुट अमेरिकन सैन्याच्या हाती लागला, बरीच वर्षे अमेरिकेतल्या फोर्ट नॉक्सच्या तिजोरीत राहिला आणि जानेवारी 1978 मध्ये हंगेरीला परत मिळाला. तेव्हा तो राष्ट्रीय संग्रहालयात ठेवला गेला. पुढे अनेक वर्षे पंतप्रधान राहिलेले उजवे नेते व्हिक्टर ओर्बान यांचे पहिले सरकार सत्तेवर असताना, 1 जानेवारी 2000 रोजी, तो समारंभपूर्वक संसदेत आणला गेला, आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बोटीत ठेवून डॅन्यूब नदीतून एस्टरगोमपर्यंत मिरवत नेला गेला. मुकुट आठ-नऊशे वर्षांचा आहे याबद्दल वाद नाही. पण जुनी वस्तू जपणे निराळे आणि एखाद्या जुन्या कल्पनेला आजच्या माणसांवर हुकूम चालवू देणे निराळे. या दोहोंमधली सीमारेषा हंगेरीत कशी पुसली गेली, ते मी तिथे राहून थोडेफार पाहिले आहे.

आधी एका शब्दाविषयी सांगायला हवे. ‘पॉप्युलिझम’ला मराठीत आपण लोकानुनय म्हणतो आणि तो शब्द ऐकला की निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणाऱ्या कर्जमाफ्या, फुकट विजेची आश्वासने असे काहीबाही डोळ्यांसमोर येते. हे वर्णन अपुरे आहे. आज युरोपात ज्याला उजवा पॉप्युलिझम म्हणतात त्याचा गाभा लोकांना खूश करण्यात नाही, तर ‘खरे लोक म्हणजे आम्हीच’ या दाव्यात आहे. या दाव्यानुसार विरोधक हे वेगळ्या मताचे नागरिक उरत नाहीत, ते ‘लोक’ या शब्दाच्याच बाहेर जातात. 2002 मध्ये ओर्बान यांचा पक्ष निवडणूक हरला तेव्हा आपल्या समर्थकांपुढे ते म्हणाले होते की मातृभूमी विरोधी पक्षात असू शकत नाही. मला हे वाक्य सगळ्याची किल्ली वाटते. लोक म्हणजे मतदान करणारी जिवंत माणसे, एवढाच अर्थ घेतला, तर ती माणसे आपल्याविरुद्धही मत देऊ शकतात, आणि 2002 मध्ये त्यांनी ते दिलेच होते. मग ज्याची मोजणी होत नाही, ज्याला प्रश्न विचारता येत नाही आणि जो कधी मत बदलत नाही असा दुसरा कोणीतरी ‘लोक’ शोधावा लागतो. असे लोक एकाच ठिकाणी सापडतात, पूर्वजांमध्ये. आजच्या उजव्या राजकारणातल्या पुरातन कल्पनांकडे केवळ सजावट म्हणून पाहू नये असे मला वाटते ते याचसाठी. लोकांच्या नावाने सत्तेवर आल्यावर जिवंत लोकांना ओलांडून जाण्याची ती वाट आहे.

2010 मध्ये ओर्बान दोन-तृतीयांश बहुमताने परतले आणि एका वर्षाच्या आत, एप्रिल 2011 मध्ये, संसदेने नवे संविधान मंजूर केले. ते 1 जानेवारी 2012 पासून लागू झाले. देशाच्या अधिकृत नावातून ‘प्रजासत्ताक’ हा शब्द गेला आणि नुसते ‘हंगेरी’ उरले. आपल्या संविधानाची उद्देशिका ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी सुरू होते; हंगेरीचे संविधान राष्ट्रगीतातल्या ओळीने, देवाने मग्यारांना, म्हणजे हंगेरियन लोकांना, आशीर्वाद द्यावा या प्रार्थनेने सुरू होते, आणि पुढच्या प्रस्तावनेला जे नाव दिले आहे त्यातला ‘हितवल्लाश’ हा शब्द ख्रिस्ती माणूस आपली श्रद्धा कबूल करतो त्या पाठासाठीचा आहे. त्या प्रस्तावनेत म्हटले आहे की राज्याचे सांविधानिक सातत्य आणि राष्ट्राचे ऐक्य यांचे मूर्त रूप म्हणजे पवित्र मुकुट. असे वाक्य नुसते प्रस्तावनेपुरतेच असते तर मी ते अलंकारिक भाषा म्हणून सोडून दिले असते. पण याच संविधानाच्या ‘आर’ या अनुच्छेदात सांगितले आहे की संविधानातील तरतुदींचा अर्थ लावताना ही प्रस्तावना आणि ‘ऐतिहासिक संविधानाची फलिते’ विचारात घ्यायची आहेत. हे ऐतिहासिक संविधान म्हणजे एखादे लिहिलेले पुस्तक नव्हे. शतकानुशतकांचे कायदे, सनदा, रूढी आणि मुकुटाविषयीची शिकवण या सगळ्याला मिळून दिलेले ते नाव आहे. त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे अर्थ लावणाऱ्याच्या हाती राहते.

मी बुडापेस्टला पोहोचले ते 2016 च्या उन्हाळ्यात. घराजवळच्या ट्रामच्या थांब्यावर एक मोठा निळा फलक होता आणि त्यावर ‘तुम्हाला माहीत होते का?’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. मला तेव्हा भाषा येत नव्हती, म्हणून मोबाइलवर एकेक शब्द टाइप करून अर्थ लावला. ब्रसेल्स, म्हणजे युरोपीय संघ, हंगेरीत एका अख्ख्या शहराइतके बेकायदा स्थलांतरित वसवू पाहत आहे, असा त्याचा आशय होता. माझ्याशेजारी ट्रामची वाट पाहणारी माणसे तो फलक वाचत होती आणि मग, मला वाटले म्हणा, माझ्याकडे बघत होती. ती सगळी माझ्याकडे रागाने बघत होती असे मुळीच नाही. एका बाईंनी तर मला तिकीट कुठे पंच करायचे ते हातवारे करून दाखवले. पण आपल्या कातडीच्या रंगाबद्दल रस्त्याच्या कडेला सरकारने मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहून ठेवले आहे, ही भावना पहिल्याच आठवड्यात माझ्या मनात शिरली आणि पुढे कधी पुरती गेली नाही. पाठीमागचा आकडाही इथे सांगते: युरोपीय संघाच्या 2015 च्या निर्णयानुसार हंगेरीच्या वाट्याला आलेले निर्वासित होते 1,294.

2 ऑक्टोबर 2016 रोजी या प्रश्नावर सार्वमत झाले. ज्यांनी वैध मते दिली त्यांतल्या जवळपास सर्वांनी सरकारच्या बाजूने कौल दिला, पण निम्मे मतदार वैध मत देण्यासाठी आलेच नाहीत आणि नियमानुसार सार्वमत बाद ठरले. मग सरकारने संविधान दुरुस्ती मांडली. पोटनिवडणुकांत दोन-तृतीयांश बहुमत हातचे गेले होते, त्यामुळे 8 नोव्हेंबरला तीही दोन मतांनी पडली. म्हणजे लोकांना विचारून झाले, लोकप्रतिनिधींना विचारून झाले, आणि दोन्हीकडे हवे ते मिळाले नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच सांविधानिक न्यायालयाचा निकाल आला. युरोपीय संघाच्या कृतीमुळे हंगेरीच्या ‘सांविधानिक ओळखी’ला बाध येतो का, हे तपासण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि ही ओळख संविधानाने निर्माण केलेली नाही, संविधान तिची केवळ दखल घेते, असे न्यायालयाने सांगितले. ओळखीचा आधार अर्थातच ऐतिहासिक संविधान. सांविधानिक ओळखीची भाषा जर्मनीचे न्यायालयही बोलते, हे खरे आहे. पण तिथे त्या ओळखीचा गाभा माणसाची प्रतिष्ठा आणि लोकशाही या लिहून ठेवलेल्या कलमांत शोधला जातो. हंगेरीत तो लिखित संविधानाच्याही आधीच्या काळात शोधला गेला. मतपेटीतून जे बाहेर आले नाही ते इतिहासातून बाहेर काढले गेले. 2018 मध्ये पुन्हा दोन-तृतीयांश बहुमत मिळाल्यावर संविधान दुरुस्त करून ही ओळख आणि ‘ख्रिस्ती संस्कृती’ यांचे रक्षण हे राज्याच्या प्रत्येक अंगाचे कर्तव्य ठरवण्यात आले.

आता त्या मुकुटाच्या शिकवणीत नेमके काय होते, ते पाहायला हवे, कारण इथे मला सर्वात जास्त वाईट वाटते. ही शिकवण प्रथम सविस्तर मांडली गेली ती इश्टवान व्हेर्बोत्सी या कायदेपंडिताने तीन भागांत रचलेल्या रूढ कायद्याच्या संहितेत. ती त्याने 1514 मध्ये सादर केली आणि 1517 मध्ये व्हिएन्नात छापून घेतली. ती रीतसर कायदा म्हणून कधीच जाहीर झाली नाही, तरीही 1848 पर्यंत हंगेरीचा कारभार तिच्या आधाराने चालला. या संहितेनुसार हंगेरीचे सरदार-जमीनदार, मग तो मोठा उमराव असो की एकाच गावाचा धनी, हे सगळे पवित्र मुकुटाचे सभासद होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अवयव’ असाही होतो. या सभासदांचा समुदाय म्हणजे राष्ट्र. आणि जो जमीन कसत होता तो कुळवाडी? तो मुकुटाचा कोणीही नव्हता.

1514 हे साल सहज आलेले नाही. त्या वर्षी तुर्कांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारून शेतकऱ्यांची फौज उभी केली गेली, ती फौज जमीनदारांवरच उलटली आणि ग्यॉर्ग दोझा नावाचा एक सैनिक तिचा पुढारी झाला. उन्हाळ्यात तेमेश्वारजवळ तिचा मोड झाला. दोझाला तापवून लाल केलेल्या लोखंडी सिंहासनावर बसवले गेले आणि त्याच्या डोक्यावर तापलेला लोखंडी मुकुट चढवला गेला. शेतकऱ्यांचा राजा व्हायला निघालास, घे मुकुट, असा त्या शिक्षेचा अर्थ होता. त्यानंतर त्याच वर्षी भरलेल्या सभेने शेतकऱ्यांना कायमचे दास्य सुनावले, जमीनदाराची जमीन सोडून जाण्याचा त्यांचा हक्क काढून घेतला, आणि त्याच सभेपुढे व्हेर्बोत्सीने आपली संहिता ठेवली. एकाच वर्षी, एकाच राज्यात, दोन मुकुट. ज्या मुकुटाच्या नावाने आज ‘सामान्य हंगेरियन माणसा’ची बाजू घेतली जाते, त्या मुकुटाने त्या सामान्य माणसाच्या पूर्वजाला राष्ट्रात मोजलेच नव्हते. संसदेतल्या काचेच्या पेटीजवळ उभी राहिले की मला त्या दुसऱ्या मुकुटाची आठवण येते, आणि तो कुठल्याही पेटीत नाही याची खंत वाटते.

पुढे 1848 नंतर, दास्य संपल्यावर, एकोणिसाव्या शतकातल्या कायदेपंडितांनी ही शिकवण नव्याने मांडली आणि सभासदत्व सगळ्या राष्ट्राला देऊन टाकले. आज आपण जिला हजार वर्षांची म्हणून ऐकतो, तिचे आजचे रूप असे शे-दीडशे वर्षांचे आहे. त्या शतकाला पुरातनाची ओढच लागली होती. मग्यार टोळ्या कार्पेथियन खोऱ्यात नक्की कधी उतरल्या याचे साल सरकारने विद्वानांना विचारले, विद्वान एका सालावर ठाम होऊ शकले नाहीत, तेव्हा सरकारने 1895 हे सहस्राब्दीचे वर्ष ठरवले आणि तयारी वेळेत पुरी होईना म्हणून ते 1896 वर नेले. म्हणून संसद भवनाचा घुमट 96 मीटर उंच आहे. बांधकाम रखडले म्हणून ठरलेले साल असे दगडात चढले आणि पोरे ते पाठ करू लागली.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तर मुकुट होता पण राजा नव्हता. अॅडमिरल मिक्लोश होर्ती हे राजाच्या नावाने कारभार पाहणारे प्रतिपालक होते आणि 1930 च्या कायद्यानंतर न्यायालये पवित्र मुकुटाच्या नावाने निकाल देत. त्याच राजवटीत 1920 मध्ये विद्यापीठांतल्या ज्यू विद्यार्थ्यांवर संख्येची मर्यादा घालणारा कायदा झाला आणि 1938 पासून एकापाठोपाठ एक ज्यूविरोधी कायदे झाले. 19 मार्च 1944 रोजी जर्मन फौजा आत आल्या आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुमारे 4 लाख 37 हजार ज्यूंना आगगाड्यांत भरून पाठवले गेले, बहुतेकांना आउशवित्झला. ते काम हंगेरीच्या पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी केले. 2011 च्या प्रस्तावनेत मात्र असे नोंदले आहे की देशाचे स्वयंनिर्णयाचे सामर्थ्य 19 मार्च 1944 रोजी गेले आणि 2 मे 1990 रोजी, पहिली मुक्तपणे निवडलेली संसद भरली तेव्हा, परतले. सातत्य मुकुटाचे घ्यायचे आणि जबाबदारीचे सातत्य मधेच तोडायचे, हा या वाक्याचा परिणाम आहे. संसदेपुढचा चौकही 1944 पूर्वी जसा होता तसा करायचे ठरले. सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या 1956 च्या उठावात पंतप्रधान असलेले आणि पुढे फाशी गेलेले इम्रे नॉज यांचा पुतळा संसदेकडे तोंड करून एका छोट्या पुलावर उभा होता. डिसेंबर 2018 च्या अखेरीस, नाताळच्या सुट्ट्यांत, तो पहाटे हलवला गेला आणि त्या जागी 1934 मधल्या एका स्मारकाची प्रतिकृती आली. मी सुट्टी संपवून कामावर रुजू झाले तेव्हा तिथे फक्त पत्र्याचे कुंपण होते.

मुकुट हा ख्रिस्ती पुरातनाचा भाग झाला. त्याच्याजोडीने एक दुसरे, घोड्यावरचे, तंबूतले पुरातनही हंगेरीत जोरात आहे. गावाच्या वेशीवर लॅटिन लिपीतल्या पाटीखाली रोवाश या जुन्या, उजवीकडून डावीकडे वाचायच्या लिपीतली पाटी दिसते. बुगात्स इथल्या माळावर वर्षाआड ऑगस्टमध्ये कुरुल्ताय नावाची टोळ्यांची जत्रा भरते आणि मध्य आशियातून आलेल्या ‘भाऊबंद’ टोळ्यांबरोबर धनुर्धारी घोडेस्वार दौडतात. तसे त्यात वाईट काहीच नाही. मी एकदा गेले होते, लहान मुले लाकडी धनुष्ये घेऊन आनंदाने पळत होती. पण भाषाशास्त्र सांगते की हंगेरियन भाषेचे नाते सैबेरियातल्या खांती आणि मान्सी लोकांच्या भाषांशी, आणि दूरचे नाते फिनिशशी आहे. 1770 मध्ये यानोश शायनोविच या पाद्र्याने हंगेरियन आणि उत्तर युरोपातल्या लॅप लोकांची भाषा यांची तुलना प्रसिद्ध केली तेव्हा मग्यार सरदारांना ती ‘माशांचा वास मारणारी भाऊबंदकी’ नको होती. त्यांना हूणांचा राजा ॲटिला हवा होता. ती नापसंती अजून जिवंत आहे. 2018 मध्ये किर्गिझस्तानात तुर्किक देशांच्या परिषदेत ओर्बान यांनी मग्यार लोकांचा संबंध ॲटिलाशी आणि हूण-तुर्की मुळाशी जोडला. 2012 मध्ये ओपुस्तासेर इथे तुरुल या पुराणातल्या पक्ष्याच्या पुतळ्याचे अनावरण करताना ते म्हणाले होते की तुरुल हे मग्यारांचे आदिरूप आहे आणि आपण जसे भाषेत आणि इतिहासात जन्मतो तसे त्यात जन्म घेतो. पक्षी सुंदर आहे. मात्र ज्यात जन्मच घ्यावा लागतो, त्यात माझ्यासारख्या बाहेरून आलेल्याला, किंवा तिथेच पाचशे वर्षे राहणाऱ्या रोमा (जिप्सी) माणसाला, येण्याची वाट उरत नाही. जुलै 2022 मध्ये त्यांनी रुमानियातल्या तुश्नाद इथे, आम्हाला मिश्र वंशाचे व्हायचे नाही, असे जाहीर भाषणात सांगितले, तेव्हा मी पुण्याला परतले होते. बातमी वाचून मला तो तुरुल आठवला.

ही दोन पुरातने एकमेकांशी जुळत नाहीत. इश्टवानने सत्तेसाठी जुन्या चालीच्या कोप्पान या नातलगाशी युद्ध केले आणि त्याच्या प्रेताचे तुकडे करून टांगले. टोळ्यांचा धर्म त्यानेच मोडून काढला. तरी मुकुट आणि तुरुल एकाच भाषणात सुखाने नांदतात, कारण दोहोंकडून अपेक्षा एकच आहे, आजच्या माणसाला गप्प करण्याची. त्यातही इश्टवानच्या नावावर असलेला, आपला मुलगा इम्रे याला केलेला उपदेश उपलब्ध आहे. त्यात पाहुण्यांना आणि परकीयांना सन्मानाने वागवावे असे सांगून, एकाच भाषेचे आणि एकाच रीतीचे राज्य दुबळे व ठिसूळ असते, असे स्पष्ट लिहिले आहे. हंगेरीत शाळेत शिकलेल्या बहुतेकांना हे वाक्य ठाऊक असते. पूर्वजांनाच विचारायचे असेल तर हेही विचारता आले असते. पण पूर्वजाला विचारत कोणी नाही, त्याच्या तोंडून बोलायचे असते.

पूर्वजांचा खराखुरा शोध घेणाऱ्या एका हंगेरियनाची कबर आपल्या दार्जिलिंगला आहे. शांदोर चोमा हा ट्रान्सिल्व्हानियातला गरीब घरातला माणूस मग्यारांचे मूळ शोधायला 1819 मध्ये पूर्वेकडे निघाला, बराचसा पायी चालत लडाखला पोहोचला आणि झांस्करच्या मठात गोठणाऱ्या थंडीत बसून तिबेटी शिकला. मग्यारांचे मूळ त्याला सापडले नाही. त्याने 1834 मध्ये कलकत्त्यात तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण प्रसिद्ध केले, आणि पुन्हा पुढे निघालेला असताना 1842 मध्ये तापाने दार्जिलिंगला वारला. शोधाला निघालेल्या माणसाला भलतेच काहीतरी सापडू शकते, आणि ते तो स्वीकारतो. याला मी भूतकाळावरचे प्रेम म्हणते.

हंगेरीपुरतीच ही गोष्ट आहे असे कोणी समजू नये. उत्तर इटलीतल्या लेगा पक्षाच्या चिन्हावर तलवार उंचावलेला अल्बेर्तो दा जुस्सानो आहे. 1176 च्या लेन्यानोच्या लढाईचा हा वीर प्रत्यक्षात होऊन गेला की नाही याचा पुरावा नाही. 1996 मध्ये उंबेर्तो बोस्सी यांनी पो नदीच्या उगमाचे पाणी कुपीत भरून नेऊन व्हेनिसला ओतले आणि पादानिया नावाचा देश जाहीर केला. तेव्हा शत्रू होता रोम आणि दक्षिणेकडचे इटालियन. माट्टेओ साल्व्हिनी यांच्या काळात पक्षाने नावातला ‘उत्तर’ बाजूला ठेवला, दक्षिणेत मते मागितली, आणि शत्रू झाले ब्रसेल्स व समुद्रातून येणारे स्थलांतरित. तलवारवाला मात्र तोच. इतक्या जुन्या वीराला कोणाविरुद्धही उभे करता येते.

या साऱ्याला लोक भुलतात, असे म्हणून हात झटकणे मला पटत नाही, कारण ज्या दुःखावर हे उभे आहे ते दुःख खोटे नाही. पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या 4 जून 1920 च्या त्रियानोंच्या तहाने जुन्या हंगेरीचा दोन-तृतीयांश मुलूख गेला. गेलेल्या मुलखात रुमानियन, स्लोव्हाक, सर्ब, जर्मन मिळून बहुसंख्य होते, पण 30 लाखांहून अधिक मग्यारही सीमेपलीकडे पडले. माझ्या घरमालकीण बाई तेव्हा ऐंशीच्या होत्या. मी त्यांना सगळ्यांसारखी ‘नेनी’ म्हणायची, आपल्या मावशीसारखे. त्यांचे आजोबा आजच्या स्लोव्हाकियातल्या एका गावी रेल्वेत कारकून होते. नव्या सरकारने नोकरी ठेवली नाही, तेव्हा कुटुंब बुडापेस्टला आले आणि नेनींच्या आईने आठव्या-नवव्या वर्षी स्टेशनच्या रुळांवर उभ्या असलेल्या मालगाडीच्या डब्यात कित्येक महिने काढले. असे डब्यात राहणारे हजारो होते. ओर्बान यांच्या सरकारने 4 जून हा राष्ट्रीय ऐक्याचा दिवस ठरवला आणि सीमेपलीकडच्या मग्यारांना नागरिकत्व व मत दिले, म्हणून नेनी त्यांना मत देत. आमचे दुःख पहिल्यांदाच कोणी मोठ्याने उच्चारले, असे त्या म्हणायच्या. चाळीस वर्षे साम्यवादी राजवटीत त्यावर बोलायचीही सोय नव्हती. हे मला समजत होते आणि मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही.

तहाला शंभर वर्षे झाली म्हणून 2020 मध्ये संसदेसमोर ऐक्याचे स्मारक झाले. ‘संविधान’ असा अर्थ असलेल्या नावाच्या रस्त्यावर ते आहे. शंभर मीटर लांब, चार मीटर रुंद असा उतार जमिनीत खाली जातो, दोन्ही बाजूंच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर 1913 च्या गावांच्या यादीतली बारा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, आणि तळाशी तडे गेलेल्या शिळेत ज्योत तेवते. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी नेनींना मी तिथे घेऊन गेले. त्यांनी मास्क लावला होता आणि नावे वाचायला चष्मा पुसत होत्या, कारण वाफेने काचा धुरकट होत होत्या. आई आणि आजी गावाला ज्या नावाने हाक मारत ते नाव त्यांना तोंडपाठ होते. ते नाव त्या शोधत होत्या. उताराच्या एका भिंतीवर नाही, दुसऱ्या भिंतीवर नाही. पाऊण तासाने मी मोबाइलवर गावाची माहिती काढली. त्या गावाला स्लोव्हाक नाव होते, घरात मग्यार बोलणारे नेनींचे कुटुंबही गावकऱ्यांसारखे तेच नाव वापरत असणार. 1898 मध्ये गावांच्या नावांचा कायदा झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हजारो गावांना नवी मग्यार नावे चिकटवली गेली. 1913 च्या यादीत ती नवी नावे आहेत. नेनींच्या गावाला मिळालेले नाव त्यांच्या आईच्या जन्माच्या अगोदर चार-पाच वर्षांचे होते.

ते मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले, जसे नव्या शेजाऱ्याचे नाव आपण म्हणून पाहतो. मग आम्ही ते शोधले आणि ते सापडले, माझ्या खांद्याच्या उंचीवर, इतर नावांच्या गर्दीत. नेनींनी हातमोजा काढून त्या अक्षरांवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “आजी याला असे कधी म्हणाली नाही.” थोडा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, मग हातमोजा पुन्हा चढवला, आणि आम्ही चढ चढून ट्रामच्या थांब्याकडे निघालो.